गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची मालीश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आजी वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. मी फिजिओथेरपिस्ट झाले. आमच्या दोघींच्या कामात पुष्कळ सारखं आहे, आणि जिथे नाही तिथे आमचे वादही झालेत. खालचे प्रश्न गरोदर बायका, बाळंतिणी, त्यांच्या आया-सासवा आणि अधूनमधून नवरे विचारतात. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमची फाइल ज्या डॉक्टरांकडे आहे त्यांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

गरोदरपणात मालीश चालते का?

सगळं सुरळीत असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालते. कंबर भरून येणं, खांदे आखडणं, रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहणं, एवढ्यासाठी ती चांगली. हलक्या हाताने अर्धा तास पाठ आणि खांदे चोळून घेतले की बऱ्याच जणींना त्या रात्री झोप लागते. यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. मालिशीने बाळ गोरं होत नाही, वजनदार होत नाही आणि पोटात फिरून सरळही होत नाही. बाळ आडवं किंवा पायाळू आहे म्हणून कुणी पोट चोळून फिरवून देते म्हणाली तर तिला दारातूनच परत पाठवा. बाहेरून बाळ फिरवण्याची पद्धत वैद्यकात आहे, पण ती दवाखान्यात, सोनोग्राफी आणि बाळाचे ठोके बघत, गरज पडल्यास लगेच सिझेरियन करता येईल अशा ठिकाणी करतात.

अंगावरून जाणं, पोटात दुखणं, ताप, वाढलेला रक्तदाब, वार (प्लासेंटा) खाली असणं, मुदतीआधी कळा येण्याची भीती, पूर्वी कधी रक्ताची गुठळी झालेली असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग तेल.

पहिल्या तीन महिन्यांत केली तर गर्भपात होतो का?

हलक्या मालिशीने गर्भपात होतो असं दिसलेलं नाही. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, तुम्ही पाठ चोळून घेतली म्हणून नाही. तरी आम्ही बरेच जण या काळात थांबायला सांगतो. त्यामागे सावधगिरी आहेच, पण आणखी एक कारण आहे. त्या आठवड्यात दुर्दैवाने काही झालंच तर बाई जन्मभर त्या मालिशीला आणि स्वतःला दोष देत बसते. शिवाय मळमळत असताना तेलाचा वास कोणाला हवाय?

मालीश करून घेताना झोपायचं कसं?

पालथं अर्थातच नाही. पाचव्या महिन्यानंतर, म्हणजे साधारण 20 आठवड्यांनंतर, फार वेळ उताणंही नाही. पाठीच्या कण्याच्या उजव्या बाजूने एक मोठी शीर वर हृदयाकडे रक्त नेते. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो, मग घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे कुशीवर, शक्यतो डाव्या. एक उशी डोक्याखाली, एक दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, आणि पोटाखाली घडी घातलेली गोधडी. ही तिसरी लोक विसरतात, खरा आराम तिथेच आहे. हे जमत नसेल तर खुर्चीवर उलटं बसा, पाठ टेकायच्या बाजूवर उशी ठेवून तिच्यावर हात आणि डोकं टाका. करणारीला पाठ मोकळी मिळते.

पाय सुजलेत. चोळले तर चालतील?

या प्रश्नावर मी नेहमी थांबते, कारण सगळ्या सुजा सारख्या नसतात.

संध्याकाळी दोन्ही पाय सारखेच सुजले आणि सकाळी उतरले तर ती शेवटच्या महिन्यांतली नेहमीची सूज. पाय उशीवर ठेवा आणि घोट्यापासून वर, तळहाताने, लोणी पसरावं इतक्या हलक्या हाताने तेल लावा. फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर दाब नको.

एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, लालसर दिसते, तर तो पाय कोणीही चोळू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वांत जास्त असतो, सिझेरियन झालं असेल तर आणखी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. “गोळा आलाय, रगडून काढते” म्हणणारी मावशी प्रेमाने म्हणत असते, पण तिला थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर एक मिनिटही थांबू नका, 108 ला फोन करा.

तिसरी सूज चेहऱ्यावर आणि बोटांवर येते, अंगठी निघेनाशी होते. सोबत डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं असेल तर रक्तदाब मोजून घ्या. 140/90 किंवा त्याहून जास्त भरला तर थेट डॉक्टर. हा त्रास बाळंतपणानंतरही होऊ शकतो, म्हणजे “आता सुटलीस” म्हणून डोकेदुखीवर नुसतं तेल थापत बसायचं नाही.

घोट्याजवळचे बिंदू दाबले की कळा सुरू होतात, हे खरं आहे?

तसा भरवशाचा पुरावा नाही. तसं असतं तर दिवस उलटून गेलेल्या बाईला कोणी दवाखान्यात भरती केलं नसतं, पाय दाबून घरी पाठवलं असतं. तरीही दिवस भरायच्या आधी तिथे अंगठा रुतवायची गरज नाही.

पोटाला तेल लावल्याने भेगांचे डाग पडत नाहीत ना?

पडायचे ते पडतात. आईला पडले असतील तर तुम्हालाही पडण्याची शक्यता जास्त. तेलाने ताणलेल्या कातडीची खाज कमी होते, म्हणून लावा, पण नुसतं लावा, चोळू नका. पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटत असेल, विशेषतः रात्री, तर ती कोरडेपणाची खाज नसू शकते. यकृताच्या त्रासाची ती खूण असते. डॉक्टर रक्त तपासतील.

नवव्या महिन्यात मायांगाला (योनीच्या तोंडाला) तेल लावायला सांगतात, ते कशासाठी?

टाके कमी पडावेत म्हणून. साधारण 34-35 आठवड्यांपासून, आठवड्यातून एकदा-दोनदा, पाच मिनिटं. हात धुवायचे, नखं कापलेली हवीत, अंगठ्याला साधं खोबरेल. अंगठा इंचभर आत घेऊन खाली, गुदद्वाराच्या दिशेने आणि मग बाजूंना हळूहळू दाबत ताण द्यायचा. चुरचुरेल, पण असह्य दुखता कामा नये. पहिलटकरणींना याचा जास्त उपयोग होतो. ते स्वतः किंवा नवऱ्याने करायचं असतं, बाहेरच्या बाईने नाही. पाणी गेलेलं असेल, रक्त जात असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा वार खाली असेल तर अजिबात नाही.

कळा सुरू असताना कंबर चोळली तर?

जरूर. कळ येते तेव्हा माकडहाडाच्या वर तळहाताने घट्ट दाबून धरा, कळ ओसरली की सोडा. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात याने वेदना थोड्या सुसह्य होतात. मात्र मध्येच ती “हात लावू नका” म्हणून खेकसली तर रागवायचं नाही. त्या वेळी अंगावरची ओढणीही नकोशी होते.

बाळंतपणानंतर मालीश कधीपासून?

साधं बाळंतपण असेल, रक्तस्राव आटोक्यात असेल, ताप नसेल, तर दोन-तीन दिवसांनी हात, पाय, खांदे, डोकं हलक्या हाताने सुरू करता येतं. टाके पडले असतील तर त्या जागेला तेल नको आणि उकिडवं बसवणंही नको. कित्येक घरांत सोयर फिटल्यावर, बारशानंतर सुरू करतात. त्यातही काही वाईट नाही, तोवर बाई जरा सावरते.

कधीपर्यंत? सव्वा महिना ही आपल्याकडची रीत. सुश्रुतसंहितेत बाळंतिणीला बलातेलाचा अभ्यंग सांगितलाय आणि सूतिकाकाळ दीड महिन्याचा मानलाय. आजचं वैद्यक सहा आठवडे म्हणतं. आकडे जवळजवळ जुळतात.

सिझेरियन झालंय. मग?

चार-पाच दिवसांनी, डॉक्टरांना विचारून, खांदे, मान, हात, पाय. पोटावर किमान सहा आठवडे हात नाही. वरचे टाके पंधरा दिवसांत सुकलेले दिसतात, त्यावरून आतलं सगळं भरून आलं असं समजू नका. कातडीखाली, स्नायूंच्या आवरणाला आणि गर्भाशयालाही टाके असतात. पालथं झोपवून पाठ रगडणंही नको, कुशीवर घ्या. टाक्यावर तेल, हळद, राख यातलं काही लावायचं नाही.

सहा-आठ आठवड्यांनी जखम पूर्ण मिटली आणि डॉक्टरांनी बघितलं की व्रणाची वेगळी मालीश शिकता येते. दोन बोटांनी व्रणाची कातडी वर-खाली, डावी-उजवी सरकवायची. तिथे बधिर किंवा ओढल्यासारखं वाटतं ते कमी होतं. ते मालीशवाल्या बाईंकडून नव्हे, फिजिओथेरपिस्टकडून शिका.

पोट चोळून आणि बांधून आत जातं का?

सासूबाई हा प्रश्न विचारत नाहीत, त्या उत्तरच सांगतात. “आम्ही लुगडं गच्च बांधायचो म्हणून आमची पोटं सुटली नाहीत.” “त्या काळात आम्ही विहिरीचं पाणीही काढायचो,” हे त्यांचं सांगायचं राहून जातं.

गर्भाशय आपोआप आकसतं. दहा-बारा दिवसांत ते ओटीपोटात उतरतं आणि सहा आठवड्यांत जवळपास पूर्वीएवढं होतं. बाळ अंगावर पितं तेव्हा पोटात जी कळ येते ती त्याचीच. याला बाहेरून हाताची मदत लागत नाही. प्रसूतीनंतर लगेच सिस्टर पोट दाबतात ते रक्तस्राव थांबवण्यासाठी. ते वेगळं आहे, घरी करायचं नाही.

मग पोट पुढे दिसतं ते का? पोटाचे मधले उभे स्नायू गरोदरपणात दोन बाजूंना सरकतात. उताणं झोपून गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून बघा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर फट रुंद आहे. ती श्वासाच्या आणि खालच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या, स्नायूंच्या व्यायामाने भरून येते, तेल चोळून नाही. सुती कापड किंवा पट्टा हलका बांधला तर कंबरेला आधार मिळतो, सिझेरियननंतर खोकताना बरं वाटतं. पण श्वास अडकेल इतका आवळला तर सगळा दाब खाली जातो. आधीच सैल झालेल्या खालच्या स्नायूंवर तो पडला की शिंकताना लघवी सुटते. पोट आत दिसावं म्हणून हा सौदा करू नका.

जोरात रगडल्याशिवाय वात जात नाही म्हणतात. दुखलं तर सहन करायचं का?

नाही.

मागे एक मुलगी माझ्याकडे आली होती, बाळ तीन आठवड्यांचं. पाठीवर दोन्ही बाजूंना बोटांचे निळे ठसे. रोज सकाळी बाई यायच्या, पालथं घालायच्या आणि शेवटी पाठीवर पाय देऊन उभ्या राहायच्या. “दुखतंय म्हणाले तर आई म्हणायची, दुखतंय म्हणजे वात निघतोय.” ती रोज दात दाबून पडून राहायची आणि घड्याळाकडे बघायची.

गरोदरपणात सांधे सैल पडलेले असतात, ते पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. अशा वेळी मांड्या फाकवून ताणणं, कंबर पिळणं, गुडघे छातीपर्यंत दाबणं यातून कंबरेचं दुखणं नव्याने लागतं. स्नायू सैल व्हायला हवा असेल तर बाईने श्वास सोडला पाहिजे, आणि दुखत असताना माणूस श्वास धरून ठेवतो. माझी आजी निरक्षर होती, पण तिच्या हाताखालची बाई झोपून जायची. झोप लागली की ती हात हलका करायची आणि पोराला घेऊन बाहेर यायची. मालीश चांगली झाली की नाही याची मला माहीत असलेली हीच कसोटी.

बाळंतिणीने “पुरे” म्हटलं की हात थांबला पाहिजे. हे पहिल्याच दिवशी, आईसमोर, बाईंना सांगून टाका. आणि ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी नको. ती झोपली असेल तर मालिशीसाठी उठवू नका.

तेल कोणतं?

कोकणात खोबरेल, देशावर तिळाचं, कुठे वैद्यांनी दिलेलं बला तेल. अंगाला सोसतं ते घ्या. आधी मनगटाच्या आत थोडं लावून दिवसभर बघा. ओवा-लसूण घालून कढवलेलं तेल वासाला उग्र असतं, पण आईला चालेल. कापूर घातलेलं नको, कारण त्याच घरात, त्याच अंगावर बाळ आहे आणि कापूर तान्ह्याला घातक आहे. तेल कोमट करायचं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. गॅसवर तापवलेलं तेल वरून गरम वाटत नाही आणि मग चटका बसतो.

शेक-शेगडी करावी का?

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, शेपा, लसणीची सालं, सगळी दारं-खिडक्या बंद. वास मला अजूनही आवडतो. पण बंद खोलीत कोळसा किंवा गोवरी जळली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतच माणूस बेशुद्ध पडतो. बाळाच्या फुप्फुसांना धूर तर मुळीच सोसत नाही. उब हवी तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून कंबरेला घ्या. निर्गुडीच्या पाल्याचं कढत पाणी निववून अंघोळीला घ्या, छान वाटतं.

छातीत दूध गाठलंय. चोळून गाठ मोडावी का?

जोर लावून नाही. पूर्वी आम्हीही तसं शिकवायचो. 2022 मध्ये स्तनपानाच्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपला सल्ला बदलला: खोल दाबून चोळल्याने आतली सूज वाढते. बाळाला मागेल तसं पाजा, पाजून झाल्यावर थंड घडी ठेवा, आणि हात लावायचाच तर काखेच्या दिशेने, मांजर कुरवाळावं तसा. ताप, लाली, थंडी वाजणं चोवीस तासांत कमी झालं नाही तर डॉक्टर.

बाळाची मालीश?

पूर्ण दिवसांचं, तब्येतीने ठीक असलेलं बाळ असेल तर हळुवार मालीश चांगली. जागतिक आरोग्य संघटनाही तिला हरकत घेत नाही. अंघोळ मात्र जन्मानंतर किमान 24 तास नको. खोबरेल चालतं, मोहरीचं टाळा, त्याने कोवळी कातडी दुखावते. नाका-कानात तेल घालायचं नाही, टाळूवर दाब द्यायचा नाही, तेल नुसतं जिरवायचं. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटायचं नाही. बाळाची छाती सुजलेली दिसते, कधी थेंबभर दूधही येतं, ते आईच्या हार्मोन्समुळे. पिळलं तर तिथे पू होतो, सोडून दिलं तर आपोआप जातं. पाय धरून उलटं लटकवणं, हात-पाय कानाला लावणं हे प्रकार बघायला प्रेक्षक जमतात, बाळाला त्यातून काही मिळत नाही. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, त्यांनाही विचारता येतं.

मालीशवाल्या बाई कशा निवडाव्यात?

नखं बघा, बांगड्या-अंगठ्या काढतात का बघा, साबणाने कोपरापर्यंत हात धुतात का बघा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी सुट्टी, आणि त्या सुट्टीचे पैसे कापू नका, नाहीतर त्या खोकत येतील. आई-बाळ दोघांचं मिळून किती, कपडे धुणं धरून की सोडून, सणाला काय, हे आधीच बोला. सिझेरियन आहे हे सांगितल्यावर त्या “मग पोट नको” असं आपणहून म्हणाल्या तर बाई अनुभवी आहेत. चाळीस दिवस लागोपाठ एक परकी बाई घरात येणार, तुम्हाला तिच्यापुढे उघडं व्हायचंय. सूर जुळला नाही तर दुसऱ्याच दिवशी नको सांगण्यात गैर काही नाही.

सारखं रडू येतं. मालिशीने बरं वाटेल?

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेक वेळा आपसूक ओसरतं. कोणीतरी आपल्याला हात लावतंय, बाळाला नाही, एवढ्यानेही बरं वाटतं. पण दोन आठवड्यांपुढे उदास वाटत राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर ते तेलपाण्याचं काम नाही. जगणं नको वाटणं किंवा काही करावंसं वाटणं असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा. डॉक्टरांना सांगा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आम्ही परदेशात आहोत, इथे मालीशवाल्या बाई मिळत नाहीत.

नवरा आहे ना? पाठ, खांदे आणि तळपाय, वीस मिनिटं, झोपायच्या आधी. त्याला शिकवायला एक दिवस पुरतो. आई व्हिडिओ कॉलवरून सूचना देणार असेल तर मात्र फोन बंद ठेवा, दोघंही घाबरतील.

मालिशीनंतर न्हाणीघरात घसरायला होतं. काय करावं?

हा प्रश्न कमी विचारला जातो, पण बाळंतीण बाळ कडेवर घेऊन पडल्याचं मी ऐकलंय. अंगावरचं तेल आधी जुन्या पंच्याने टिपा. बाळ दुसऱ्या कोणाच्या हाती द्या, मगच न्हाणीत जा. बसायला प्लास्टिकचा नव्हे, लाकडी पाट किंवा रबरी पायांचं स्टूल घ्या. फरशीवर सांडलेल्या तेलावर आधी पाणी ओतू नका, ते पसरतं. मूठभर डाळीचं पीठ टाका, पाच मिनिटं थांबा, केरसुणीने गोळा करा आणि मग साबणाचं गरम पाणी.